एका रात्रीपुरती जागा

पायथ्याच्या गावातून शेवटची एसटी सव्वापाचला सुटायची. त्यामुळे गडाच्या वाटेवर झाडाखाली टेबल टाकून बसलेला पहारेकरी पाचलाच वही मिटायच्या तयारीत होता. आम्ही तिघं तेव्हा कुठे वर निघालो होतो. "मुक्काम बंद आहे, काका. सहाच्या आत खाली या," तो म्हणाला. आमच्या सॅकला बांधलेल्या मॅट त्याला दिसत होत्या. नुसतं वर पोचायला दीड तास लागतो हे त्यालाही माहीत होतं आणि आम्हालाही. त्यानं आमची नावं लिहून घेतली, 'परत' या रकान्यात सहा वाजले असं स्वतःच लिहून टाकलं आणि पिशवी उचलून फाट्याकडे चालू लागला.

वर देवळासमोरच्या पटांगणात त्या रात्री तीस-पस्तीस माणसं होती. वहीप्रमाणे त्यातलं कुणीच गडावर नव्हतं. टाक्याच्या काठाशी तीन दगड मांडून कुणीतरी चूल पेटवली होती आणि तिची राख वाऱ्यानं सरळ पाण्यावर जात होती. अकराच्या पुढे ब्लूटूथ स्पीकर सुरू झाला. साडेअकराला मी उठून त्या पोरांकडे गेलो. वयानं आणि टकलानं जेवढा अधिकार मिळतो तेवढा वापरून म्हटलं, बाबांनो, आता पुरे. त्यातला एक अगदी नीट बोलणारा मुलगा म्हणाला, "बंद करतो, काका. पण तुम्हीपण इल्लीगलच आहात ना?"

स्पीकर बंद झाला. मला मात्र उत्तर सुचलं नाही. अजूनही त्याचं बरोबर होतं असंच वाटतं. जिथे थांबणंच गुन्हा असतं, तिथे कसं थांबावं हे सांगायचा अधिकार कुणालाच उरत नाही. टाक्यात भांडी घासणारा आणि आपला कचरा पिशवीत बांधून खाली नेणारा, दोघं एकाच वहीतून सारखेच गायब.

म्हणून आधी माझं म्हणणं मांडून टाकतो. सार्वजनिक जमिनीवर, आगाऊ बुकिंग न करता, दिव्याची आणि नळाची अपेक्षा न ठेवता एक-दोन रात्री तंबू ठोकून राहणं ही आपल्या राज्यात उघडपणे करता येण्याजोगी, कायदेशीर गोष्ट असली पाहिजे. सगळीकडे नव्हे. गडमाथ्यावर तर नव्हेच, त्याकडे पुढे येतो. पण कुठेतरी असली पाहिजे. आज ती जवळपास कुठेच नाही, आणि तरीही दर शनिवारी हजारो माणसं ती करतात.

कायद्याचं चित्र असं आहे. सह्याद्रीतला एखादा गड घेतला तर माथा बहुधा पुरातत्त्व खात्याचा, उतार वनखात्याचा आणि पायथा महसूल किंवा ग्रामपंचायतीचा. राखीव जंगलात परवानगीवाचून शिरणं आणि आग पेटवणं भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. अभयारण्यात शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे परवाना लागतो. केंद्राच्या संरक्षित स्मारकांच्या वेळा १९५९ च्या नियमांत आहेत, वेगळं काही ठरवलं नसेल तर सूर्योदय ते सूर्यास्त. राज्य संरक्षित गडांवरही काही वर्षांपूर्वी रात्रीच्या मुक्कामाला मनाई झाली. पावसाळ्यात जिल्हाधिकाऱ्यांचे मनाई आदेश येतात, ते पूर्वी कलम १४४ खाली यायचे, आता नव्या संहितेच्या कलम १६३ खाली येतात. यातला प्रत्येक नियम आपापल्या जागी समजण्यासारखा आहे. सगळे एकत्र केले की मात्र असं होतं की रात्री आभाळाखाली झोपायचं असेल तर स्वतःची जमीन पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच्या जमिनीचं भाडं.

एकदा मी रीतसर परवानगी काढायच्या फंदात पडलो होतो. गड कुठला आणि कार्यालयं कुठली ते राहू द्या. पहिल्यांनी सांगितलं, जमीन आमची पण वास्तू त्यांची. दुसऱ्यांनी सांगितलं, वास्तू आमची पण वाट त्यांची. तिसऱ्या टेबलावरच्या बाईंनी चहा पाजला आणि फार खरं बोलल्या, "अहो, मनाईची तरतूद आहे. परवानगीची तरतूदच नाही, तर देणार कशी?"

आणि मग कलम २२ वाचनात आलं. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६. सरकारी जमीन कोणकोणत्या सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवता येईल याची त्यात यादी आहे आणि तो अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. गुरांची मोफत चराई, वैरण, स्मशान, गावठाण, खळं, बाजार, अगदी कातडी सोलायची जागासुद्धा. आणि या यादीत, गावठाणाच्या नि खळ्याच्या मधे, मुक्कामाचा तळ. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सॅक लावलेला ट्रेकर नक्कीच नव्हता. असलाच तर साहेबाचा दौरा असेल, फौजेची कूच असेल, बाजारला निघालेले बैलगाडीवाले असतील. पण वाटेनं जाणारा माणूस कुठेतरी रात्र काढणार, त्यासाठी गावात थोडी जमीन राखलेली बरी, एवढी साधी समज त्या यादीत आहे. नवा कायदा नको, विधेयक नको. एक जिल्हाधिकारी आणि एक गट नंबर एवढ्यावर काम भागू शकतं.

उघड्यावर तंबू ठोकून राहणं हे कुठूनतरी आलेलं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांना मी आषाढात आळंदी-पंढरपूर रस्त्यावर न्यायला तयार आहे. जवळपास अडीचशे किलोमीटर, वीसएक दिवस, लाखो माणसं, आणि रोज संध्याकाळी नवा तळ. दिंडीचा ट्रक पुढे जातो, राहुट्या उभ्या राहतात, मागून माणसं पोचतात, पहाटे सगळं आवरून माळ पुन्हा मोकळा. जगातल्या मोठ्यात मोठ्या अशा मुक्कामांपैकी हा एक, आणि बहुतांश बिनभाड्याचा. याला परवानगी कुणाची, असा प्रश्न शेकडो वर्षांत कुणाला पडला नाही, कारण ती वहिवाट आहे.

पण वारीचं उदाहरण मी भक्तिभावासाठी देत नाही, पंढरपूरच्या वाळवंटासाठी देतो. चंद्रभागेच्या वाळवंटात राहुट्या पडायच्या, नदीकाठी घाण व्हायची आणि ती हातांनी उचलायची वेळ विशिष्ट जातींच्या सफाई कामगारांवर यायची. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, न्यायालयानं कडक आदेश दिले, वाळवंटातल्या तंबूंवर निर्बंध आले. गोष्ट एवढ्यावर थांबली असती तर वारकरी दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला झोपले असते. तसं झालं नाही, कारण नदीपलीकडची ६५ एकर जागा मुक्कामासाठी तयार झाली. पाणी, शौचालयं, दिंड्यांना प्लॉट आखून दिलेले. वाटेवरच्या तळांवरही फिरती शौचालयं आली. एका ठिकाणी 'इथे नको' म्हणताना शेजारीच 'तिथे चला' म्हटलं गेलं. गडांच्या बाबतीत आपण पहिलं वाक्य बोललो आणि दुसरं बोलायचं विसरलो.

ते दुसरं वाक्य मग बाजार बोलला. पवना धरणाच्या काठाला शनिवारी संध्याकाळी जाऊन बघा. पाण्याच्या कडेनं तंबूंच्या रांगा, तंबूत गादी, बाहेर लुकलुकणाऱ्या माळा, बार्बेक्यूचा धूर, शेजारच्या कॅम्पचं गाणं तुमच्या कॅम्पच्या गाण्यात मिसळलेलं. माणशी हजार ते दीड हजार. मी नाक मुरडत नाही, कारण ते चालवणाऱ्यांत त्याच खोऱ्यातली पोरं आहेत, ज्यांच्या आजोबांच्या जमिनी धरणात गेल्या आणि ज्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटलं तरी मिटलेला नाही. त्यांनी चार पैसे कमावले तर बरंच आहे. खटकतं ते वेगळंच. रात्र, आभाळ आणि पाण्याचा काठ या तीन गोष्टी पैसे मोजल्याशिवाय मिळत नाहीत असं माझ्या भाच्याच्या पिढीला आता खरंच वाटतं. त्याला 'कॅम्पिंग' म्हणजे पॅकेज. मी त्याला म्हटलं, आम्ही फुकट राहायचो. त्यानं विचारलं, "सेफ होतं?" कायदेशीर होतं का, हे त्यानं विचारलं नाही, तेवढी मेहेरबानी.

सरकारचीही कल्पना पॅकेजच्याच बाजूनं धावते. २०२१ मध्ये राज्यानं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, म्हणजे चाकांवरच्या घरासाठी पार्किंग, वीज, पाणी, सांडपाण्याची सोय. त्याच वर्षी साहसी पर्यटनाचं धोरण आलं, त्यात संस्थांची नोंदणी, प्रशिक्षित माणसं, सुरक्षेचे निकष. दोन्ही वाईट नाहीत, दुसरं तर हवंच होतं. पण दोन्ही धोरणं धंदा करणाऱ्याला ओळखतात. चाळीस लाखांची गाडी घेऊन येणाऱ्याला रात्र काढायला धोरण आहे. अडीच हजारांचा तंबू पाठीवर घेऊन एसटीनं येणाऱ्या बीएस्सीच्या मुलाला पहारेकऱ्याची वही आहे.

बाहेरच्या देशांची उदाहरणं देताना आपण एकतर हुरळतो नाहीतर 'तिथलं इथे चालत नाही' म्हणून मोडीत काढतो. दोन्ही टाळून बघू. अमेरिकेत ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या संघराज्याच्या खात्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे, बहुतेक पश्चिमेकडच्या राज्यांत. त्यातल्या बऱ्याच जमिनीवर कुणीही जाऊन तंबू ठोकावा, गाडी लावावी. बुकिंग नाही, बहुतेक ठिकाणी पैसे नाहीत, नळ नाही, दिवा नाही. मुख्य नियम दिवसांचा. साधारणपणे २८ दिवसांत एका जागी १४ दिवस, मग लांब हला. तिकडे राहणारे माझे एक नातेवाईक दरवर्षी यूटाच्या वाळवंटात असे जातात. पहिल्या वर्षी त्यांनी तीनदा फोन करून खात्याला विचारलं की परवानगीचा फॉर्म कुठला. फॉर्मच नाही हे त्यांच्या मराठी मनाला दोन दिवस पटेना.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. मोआबसारख्या गावांभोवती गर्दी इतकी झाली की खात्याला मोकळा मुक्काम आखीव जागांपुरता आवळावा लागला, आणि शौचाची पेटी बरोबर बाळगायची सक्ती आली. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यानं जबाबदारीनं वागणाऱ्याला जवळजवळ कुठेही राहायचा हक्क दिला. तरी लॉख लोमंड या सरोवराच्या काठी इतका धुडगूस झाला की २०१७ पासून मार्च ते सप्टेंबर तिथल्या काही पट्ट्यांत परवाना लागतो. नॉर्वेच्या १९५७ च्या कायद्यात घरापासून दीडशे मीटर दूर आणि एका जागी दोन रात्री, एवढं सुटसुटीत आहे. इंग्लंडमध्ये तर हा हक्क उरलाय तो एकट्या डार्टमूरच्या माळावर, आणि तोही कोर्टात लढून. तिथल्या एका मोठ्या जमीनमालकाचं म्हणणं असं की १९८५ च्या कायद्यानं लोकांना माळावर 'मोकळ्या हवेतल्या विरंगुळ्या'साठी यायचा हक्क दिला आहे, झोपणं हा विरंगुळा कसा? जानेवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयानं त्याचं ऐकलं, जुलैमध्ये अपील न्यायालयानं फिरवलं, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की तंबूतली झोपही विरंगुळाच. बंदी आणि मोकाट यांच्यामध्ये भरपूर जागा आहे, एवढंच या सगळ्यातून मला घ्यायचंय. एखादी जागा बिघडली तर तिथेच नियम आवळायचे, सगळा देश बंद करायचा नाही.

आता आपल्याकडच्या अडचणी. पहिली आणि सगळ्यात खरी अडचण शौचाची आहे. यावर ट्रेकर मंडळी बोलत नाहीत, फोटो सूर्योदयाचे टाकतात. तिकडच्या पुस्तिकांत लिहितात की पाण्यापासून दोनशे फूट दूर, सहा ते आठ इंच खोल खड्डा करा, नंतर मातीनं बुजवा. सह्याद्रीच्या माथ्यावर हा सल्ला हास्यास्पद आहे. तिथे सहा इंच माती असते कुठे? दोन-तीन इंचांखाली कातळ. गडावरचं पाणी म्हणजे त्याच कातळात खोदलेली टाकी, आणि पावसाचं पाणी पठारावरून वाहत त्यातच उतरतं. म्हणजे वर केलेली घाण पहिल्या वळवात खाली टाक्यात. कातळाच्या आडोशाला दगडाखाली दाबलेले ओले टिश्यू मी स्वतः पिशवीत गोळा केले आहेत. त्या पिशवीचं वर्णन वाचकांवर सोडतो. म्हणून गडमाथ्यावरच्या मुक्कामाचा आग्रह मी सोडलाय. तिशीत मी याच्यावर भांडलो असतो. बालेकिल्ल्यावर चांदण्यात काढलेल्या रात्रींसारखं दुसरं काही नाही हे मला ठाऊक आहे, पण शंभर माणसांची शंभर प्रातर्विधींची जागा तो कातळ देऊ शकत नाही. शिवाय जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी अकरा आपले आहेत. तिथल्या तटाला तंबूची दोरी बांधू नये हे सांगायला युनेस्कोची गरज नव्हती, पण आता निदान लाज तरी वाटेल.

कुणी म्हणेल, गडाचे दरवाजे महाराजांच्या काळीही सूर्यास्ताला बंदच व्हायचे, हिरकणीला विचारा. विचारतो. पण तेव्हा दाराच्या आतही माणसं असायची आणि खाली मेटांवर, म्हणजे वाटेवरच्या पहाऱ्याच्या चौक्यांवरही असायची. रात्री गड ओसाड ठेवण्याची पद्धत तेव्हा नव्हती.

दुसरी अडचण आग. होळीच्या आगेमागे सह्याद्रीचं गवत असं वाळतं की चुलीतला एक निखारा दोन डोंगर खाऊन जातो. इथे मला तडजोड नको. उघडी चूल, शेकोटी, हवेत सोडायचे पेटते कंदील, सगळं बारमाही बंद. गॅसचा छोटा स्टोव्ह, नाहीतर त्याहून सोपं, गावात पिठलं-भाकरी खाऊन वर जा. शेकोटीशिवाय मुक्काम कसला म्हणणाऱ्यांनी पवनेला जावं, तिथे बिलात धरलेली असते.

तिसरी अडचण अपघातांची. धुक्यात वाट चुकणं, घसरणं, कड्यावरून पडणं. लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या बचाव पथकांतली माणसं स्वतःची नोकरी सांभाळून रात्री-अपरात्री दोर घेऊन धावतात, त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण बंदीनं त्यांचं काम सोपं झालंय की अवघड? चोरून वर जाणारा गावात सांगत नाही, वहीत खरं लिहीत नाही, आणि अडकला तर पहिला तासभर फोन करावा की नको यातच घालवतो. ज्या वहीत मी सहा वाजता परत आलेला आहे, त्या वहीच्या भरवशावर मला शोधायला कोण येणार?

अभयारण्यांचा प्रश्न माझ्या मते सुटलेलाच आहे. वासोटा कोयनेच्या जंगलात आहे, बामणोलीहून लाँचनं जा आणि दिवसाउजेडी परत या, हे बरोबर आहे. तिथली रात्र आपली नाही. कासच्या सड्यावर तंबू नको, कारण तिथे पायाखाली जे चिरडतं ते जगात दुसरीकडे क्वचित उगवतं. अशा जागा ठामपणे बंद ठेवायच्या असतील तर त्याला बळही दुसऱ्या जागा मोकळ्या असण्यातूनच येतं.

मला न सुटलेली अडचण चौथी आहे. हे सगळं मी एका मैत्रिणीला ऐकवलं. ती माझ्याहून चांगली गिर्यारोहक आहे, हिमालयातल्या मोहिमा करून आलेली. ती म्हणाली, "तुझा मोकळा तळ तुला लखलाभ. बाईमाणूस पैसे मोजून दिवा, संडास आणि कडी विकत घेतं, त्याला तू पॅकेज म्हणतोस." मी म्हटलं, तळ गावाला लागून असेल, गावातल्या एका घरी नोंद असेल, जवळ वस्ती असेल. ती म्हणाली, "वस्तीचीच भीती नसते असं तुला कुणी सांगितलं?" यावर माझ्याकडे पुरं उत्तर नाही. एवढं म्हणेन की आज गडावर चोरून राहणाऱ्या मुलींना तर तक्रार करायचीही सोय नाही, कारण पहिला प्रश्न येणार, तू तिथे काय करत होतीस. कायदेशीर तळावर निदान तो प्रश्न विचारता येणार नाही. हे थोडंच आहे, हे मलाही कळतं.

आणि एक गोष्ट ट्रेकरांच्या चर्चेत कधीच येत नाही. सार्वजनिक जमिनीवर पाल ठोकून राहणारे या राज्यात आपल्या कितीतरी आधीपासून आहेत. मेंढरांमागचे धनगर, ऊसतोडीच्या कोप्या, पारधी, डवरी गोसावी, गोपाळ. त्याच माळावर माझा तंबू असला की ते 'अ‍ॅडव्हेंचर', त्यांचं पाल असलं की अतिक्रमण. माझ्याकडे पोलीस आला तर 'सर, जरा जपून' म्हणतो. त्यांच्याकडे आला तर आधी आधार कार्ड मागतो, मग भांडी बाहेर काढायला सांगतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, गावोगाव मुक्काम करत भिक्षा मागणारे. परका माणूस गावाबाहेर रात्रीपुरता उतरतो ही एकेकाळची नेहमीची गोष्ट आपल्याला इतकी अनोळखी झाली की नुसत्या संशयावर माणसं मेली. मी जो तळ मागतोय तो सॅकवाल्यांपुरता असेल तर तो मला नको. कलम २२ मध्ये 'ट्रेकर' हा शब्द नाही, आणि तो घालूही नये.

तर तळ कसा असावा? गडाच्या माथ्यावर नको, पायथ्याच्या गावाजवळ किंवा माचीच्या खाली, जिथे कातळाऐवजी माती आहे. एकर-दोन एकर गायरान किंवा सरकारी पड, ग्रामसभेनं 'हो' म्हटलेली. हद्दीला दगड, एक हापसा, दोन-चार संडास, बस. दिव्याचे खांब नकोत, पेव्हर ब्लॉक नकोत, 'आय लव्ह' लिहिलेला सेल्फी पॉइंट तर हात जोडून नको. दोन रात्रींहून जास्त थांबायचं नाही, मेंढरं घेऊन आलेल्यांना चार द्या, त्यांच्या लेंड्यांचं शेतात सोनं होतं. स्पीकर नाही, आग नाही, कचरा ज्याचा त्यानं न्यायचा. जो आधी येईल त्याला जागा, भरला तर पुढच्या गावी. झोपायचे पैसे नाहीत. गाडी लावायचे घ्या, दणकून घ्या, कारण खरी गर्दी पायांनी नाही, गाड्यांनी होते. जेवण गावात, ज्याच्या घरी चूल त्याचा धंदा.

बुकिंग नको यावर एवढा अट्टहास का, असं विचारतात. ऑनलाइन कोटा लावला की गर्दी आटोक्यात राहते, हे खरं. पण बुकिंगची खिडकी उघडली की दोन मिनिटांत ती रिकामी होते, हे आपण रेल्वेच्या तत्काळपासून शिकलो आहोत. आणि डोंगरात जायचं की नाही हे मी आभाळ बघून ठरवतो, तीन आठवडे आधी नाही. ज्यानं पैसे भरलेत तो कुंद हवेतही वर जातो, कारण पैसे फुकट जातील. बचाव पथकाला हे विचारून बघा.

मागच्या मार्गशीर्षात नाणेघाटाच्या अलीकडच्या एका गावात एका म्हाताऱ्या बाबांना मी विचारलं, पूर्वी वाटसरू उतरायचे कुठे? कोकणातून मीठ घेऊन घाट चढणारे लमाण, त्यांचे बैल? बाबांनी काठी उचलून ओढ्यापलीकडे दाखवलं. "त्यो काय तळाचा माळ. हितंच उतरायची समदी. आमचा आज्जा सांगायचा, रातीला बैलांच्या गळ्यातल्या घंटा हितवर ऐकू यायच्या." ओढा ओलांडून मी बघायला गेलो. माळाला तारेचं कुंपण होतं, आत बारा तंबूंची रांग, प्रत्येकापुढे प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या आणि एक झाड. फाटकावरच्या फळ्यावर लिहिलं होतं, चेक-इन चार वाजता, स्टार गेझिंग समाविष्ट. जमीन कुणाची, असं फाटकावरच्या पोराला विचारलं. तो म्हणाला, सरकारचीच आहे बहुतेक, पण तुम्ही बुकिंग केलंय का?